धातू आणि जीव (लेखांक 9) : पोस्टरपाशी उभं राहताना

मागच्या आठवड्यात आपण हिमोग्लोबिनमधल्या लोहापर्यंत आलो होतो. आज धातू जरा बाजूला ठेवू आणि त्यांच्यावर काम करणारी तरुण मुलं एकमेकांना कुठे भेटतात, ते पाहू. अकोल्याच्या जुन्या शहरातून मोर्णा ओलांडून रोज कॉलेजच्या लॅबमध्ये जाणाऱ्या मुलीला हा विषय पुस्तकातून कळतो. पण आपलं काम त्यात नेमकं कुठे बसतं, हे परिषदेला गेल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वऱ्हाडातल्या रसायनशास्त्र विभागांत पीएच-मेट्रीचं काम बरंच चालतं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. पीएच मीटर, ब्युरेट आणि चिकाटी पुरते. तीन टायट्रेशन करायची : नुसतं आम्ल, मग आम्ल आणि लिगंड (म्हणजे धातूला धरणारा रेणू), मग त्यातच धातू. ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं सोडायचं, आकडा स्थिरावला की वहीत टिपायचा. धातूनं लिगंडला धरलं की लिगंडवरचा हायड्रोजन आयन सुटतो, पीएच उतरतो आणि आलेखावर तिसरी रेघ दुसरीपासून फुटते. त्या दोन रेघांमधल्या अंतरावरून धातूची पकड किती घट्ट, ते सांगणारा स्थिरांक काढतात. मँगनीजपासून तांब्यापर्यंत ही पकड वाढत जाते आणि जस्ताशी पुन्हा सैल होते. आयर्विंग आणि विल्यम्स यांच्या नावानं हा क्रम ओळखला जातो.

हे काम पोस्टरवर लावून उभं राहिलं की खरी परीक्षा सुरू होते. भाषण दहा-पंधरा मिनिटांत उरकतं; पोस्टरपाशी मात्र येणारा-जाणारा थांबून विचारतो. ‘मापनं सत्तर टक्के डायॉक्सेनमध्ये केलीत, पेशीत डायॉक्सेन कुठून येणार?’ लिगंड नुसत्या पाण्यात विरघळत नाही, हे उत्तर खरं आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. ‘तांब्याची पकड एवढी घट्ट, तर पेशीत ते दिसेल त्या प्रथिनाला का चिकटत नाही?’ या प्रश्नाला उत्तर आहे. 1999 मध्ये ओ’हॅलोरन आणि सहकाऱ्यांनी यीस्टवर काम करून दाखवलं की पेशीत मोकळं तांबं जवळजवळ नसतंच. वाहक प्रथिनं ते हवं तिथे हातोहात पोचवतात. अकोल्यात मोजलेल्या स्थिरांकाला जीवशास्त्राचा धागा इथे सापडतो, आणि बहुतेकदा तो दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नातून सापडतो.

या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद 1983 मध्ये फ्लोरेन्सला सुरू झाली. आशियाई परिषद 2002 मध्ये जपानमधल्या ओकाझाकीला भरली आणि 2004 मध्ये थेट गोव्यात आली. पण नवख्यांसाठी मला सगळ्यात मोलाची वाटते ती कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुराला भरणाऱ्या गॉर्डन संशोधन परिषदेची परंपरा. तिथे धातू आणि जीवशास्त्रावरच्या मोठ्या परिषदेला जोडून संशोधक विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांचं वेगळं चर्चासत्र भरतं. ते चालवतात तीच मुलं. तिथलं ऐकलेलं परवानगीशिवाय बाहेर उद्धृत करायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, असा गॉर्डन परिषदांचा दंडक आहे. त्यामुळे अर्धवट राहिलेलं, फसलेलं कामही मोकळेपणानं मांडता येतं. गाईड समोर बसलेले असले की आपल्याकडची पोरं प्रश्न गिळून टाकतात. असं मुलांचंच एक दिवसाचं सत्र अमरावती विद्यापीठात भरवायला कितीसा खर्च येईल? एक सभागृह, पोस्टर लावायला फळे आणि दुपारचं जेवण.

पुढच्या लेखात : मातीत लोह असूनही वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याची पानं पिवळी का पडतात, आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारं ‘चिलेटेड’ खत तिथे नेमकं काय करतं.