वाघाची ओळख आणि छायाचित्राची साक्ष

वाघ कोणता, हा प्रश्न शहरांत केवळ जिज्ञासेचा वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरीच्या किंवा गडचिरोलीकडील वडशाच्या रानालगत तो जीवनमरणाचा असतो. मोह वेंचावयास पहाटे गेलेली बाई परत येत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं सारा गांव एकच मागणी करतो, वाघ धरा. परंतु त्या रानांत पांच वाघांचा वावर असला, तर त्यांतील चार निरपराधी आहेत.

हा निवाडा करण्याचें काम आतां बव्हंशीं छायाचित्राकडे आलें आहे. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे. कोणत्याहि दोन वाघांचे ते सारखे नसतात. इतकेंच नव्हे, तर एकाच वाघाची डावी कूस उजवीसारखी नसते. म्हणून रानवाटेच्या दोन्ही बाजूंस, सुमारें गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. उष्ण अंगाचा प्राणी पुढून गेला कीं चित्र आपोआप निघतें. छायाचित्रकार तेथें नसतोच.

पूर्वीं पावलांच्या ठशांवरून वाघ मोजीत. पण तोच पंजा ओल्या मातींत एक आणि कोरड्या धुळींत दुसराच उमटतो. २००५ सालीं राजस्थानांतील सरिस्का येथें एकहि वाघ उरला नसल्याचें उघड झालें. कागदोपत्रीं मात्र वाघ होते! पुढें कॅमेऱ्यांची पद्धत देशभर आली. २०१८-१९ च्या गणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावले गेले. त्यांनीं टिपलेल्या ३ कोटि ४८ लक्षांहून अधिक चित्रांपैकीं वाघांचीं ७६,६५१ भरलीं, आणि पट्टे जुळवितां त्यांतून २,४६१ निरनिराळे वाघ निघाले.

ऑक्टोबर २०२२ मध्यें वडसा भागांत एक वाघ बेशुद्ध करून पकडण्यांत आला. सरकारी दप्तरांत त्याचें नांव सी-टी-१. गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा या तीन जिल्ह्यांतील १३ मृत्यूंचा ठपका त्याच्यावर होता. एवढ्या विखुरलेल्या घटना एकाच जनावराशीं जोडावयाच्या, तर नुसत्या पंजाच्या ठशांवर भागत नाहीं.

तथापि श्रोत्यांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. अमुक वाघ अमुक वेळीं या वाटेनें गेला, एवढेंच चित्र सांगतें. त्यानें काय केलें हें सांगत नाहीं. त्यासाठीं घटनास्थळींचे केस व लाळ तपासावी लागते. ओळख पटणें आणि अपराध सिद्ध होणें या दोन गोष्टी आहेत, आणि क्षुब्ध गांवाला हा भेद पटवून देणें सोपें नाहीं.

त्याच कॅमेऱ्यांत माणसेंहि उमटतात. रात्रीं वाघ, पहाटे टोपल्या घेतलेल्या बाया, दुपारीं गुरें, पुन्हां वाघ. वाट तीच, चित्राच्या कडेला छापलेली वेळ तेवढी निराळी. वाघ मोजणाराला या बायांच्या चित्रांचा कांहींच उपयोग नाहीं. गांवाला मात्र त्या वेळा कळल्या, तर उजाडल्यावर निघावें असें कोणीहि म्हणेल. पण मोह पहाटेच गळतो, आणि उशीर झाला कीं हरणें व गुरें तो खाऊन टाकतात. म्हणून बाया अंधारांतच निघतात.