मुलामुलींचा व्यायाम व वाढते वय

शाळेने बुद्धीबरोबर शरीराचीही जोपासना करावी, हे तत्त्व आज कोणासही अमान्य नाही. तथापि मधल्या सुटीत आमच्या मैदानाकडे दृष्टी टाकिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. पाचवी-सहावीच्या मुली मुलग्यांइतक्याच धावतात. नववी-दहावीच्या मुली मात्र भिंतीच्या सावलीत उभ्या राहून बोलत असतात. चार वर्षांत असे काय घडले, की धावते पाय थांबले? या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम माप काय ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींस दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनत घडावयास हवी. व आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे जोराचे खेळ हवेत. मेहनत पुरेशी झाली की नाही, हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. श्वास जलद होऊन बोलता येते पण गाता येत नाही, अशी अवस्था झाली म्हणजे ती मध्यम मेहनत. बोलणेही तुटक होऊ लागले म्हणजे जोराची.

आता या मापास किती मुले उतरतात? १४६ देशांतील ११ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे १६ लक्ष विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१९ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावरून २०१६ साली जगातील शंभरांपैकी ८१ विद्यार्थी या मापास कमी पडत होते. मुलग्यांत हे प्रमाण सुमारे ७८, तर मुलींत सुमारे ८५ होते. आपल्या देशात साधारणतः चारांपैकी तिघे कमी पडले. म्हणजे मुलग्यांनीही गर्व करण्याचे कारण नाही. २००१ पासूनच्या पंधरा वर्षांत जगभर मुलग्यांची स्थिती किंचित सुधारली. मुलींची जवळजवळ तेथेच राहिली. वयाचा विचार करू जाता, बालपण सरून किशोरावस्था वाढत जाते तशी मुलांची हालचाल वर्षागणिक घटते, असे अनेक देशांतील संशोधकांस आढळले आहे.

याचा अर्थ पालीच्या मुली आळशी आहेत असा कोणी करील, तर तो मोठा अन्याय होईल. आई पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजारास गेली, म्हणजे घरची भांडी, पाणी व धाकटी भावंडे थोरल्या मुलीच्या अंगावर पडतात. वलांड्यांवर बोंबील घालण्यासही तिचाच हात लागतो. पाण्याची कळशी घेऊन चढ चढणे ही खरी मेहनत होय व ती हिशेबात धरिली पाहिजे. परंतु तासभर एका जागी बसून मासळी निवडल्याने पाठ दुखते, छातीचा ठोका वाढत नाही. काम आणि व्यायाम यांत हा भेद आहे. मुलगी दमते पुष्कळ, पण तिच्या हृदयास व हाडांस जे हवे ते तिला मिळत नाही. तिचा भाऊ मात्र त्याच वेळी किनाऱ्यावर चेंडू खेळत असतो.

घरकामाखेरीज आणखीही कारणे आहेत. मोठ्या मुलीने धावू नये ही लोकांची दृष्टी, अडचणीचा पोशाख, व मासिक पाळीविषयीचा संकोच. पाळीच्या दिवसांत खेळणे निषिद्ध नाही; हलक्या व्यायामाने वेदना पुष्कळदा कमी होतात. शिवाय अशक्तपणा हेही एक कारण असते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या रक्तात लोहद्रव्याचा लाल अंश कमी आढळला. मुलग्यांत हे प्रमाण ३१ होते. जिना चढताना जिला धाप लागते, तिला आळशी म्हणण्यापूर्वी तिचे रक्त तपासावे. मुलग्यांचा खेळ सुटतो तो बहुधा दहावीच्या शिकवण्यांमुळे आणि मोबाइलमुळे.

खेळ सुटल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. मुलींच्या हाडांत जन्मभर पुरावयाचा जो साठा भरावयाचा, त्यातील सुमारे नव्वद टक्के अठराव्या वर्षापर्यंत भरून होतो. उडी, धाव, लंगडी यांचा आघात हाडांवर झाला म्हणजे ती दाट होतात. ही पेढी एकदा बंद झाली की पुढे फक्त काढणेच उरते, आणि साठाव्या वर्षी लहानशा पडण्याने कंबरेचे हाड मोडते. पूर्वीच्या बाया डोक्यावर पाटी घेऊन कोसच्या कोस चालत. आता रिक्षा व बस आहे. कष्ट कमी झाले हे उत्तमच, परंतु त्यांबरोबर गेलेली चाल खेळाने भरून काढिली पाहिजे.

मुलींस हे झेपत नाही म्हणावे, तर उदाहरणे जवळच आहेत. वांद्र्याच्या मेरी डिसोझा १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये धावल्या. सातारा जिल्ह्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीस पोहोचली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकिला, त्यांची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती.

सर्वांनी विश्वचषक जिंकावा असे आमचे म्हणणे नाही. दोरीवरच्या उड्या, खो-खो, लंगडी, फुगडी, किंवा सणावारी आवडीने होणारा कोळी नाच; यांस पैसा लागत नाही. शाळेने आठवड्यातील काही दिवस मैदान केवळ मुलींसाठी राखावे. मुलग्यांनी घरची निम्मी कामे उचलावीत. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की सायंकाळचा एक तास मुलीच्या नावे सोडावा. तो तास घरातून गेला असे मानू नये. तिच्या उतारवयासाठी तो ठेव म्हणून ठेविला आहे, असे समजावे.