उंदराला पोलिओ का होत नव्हता?

व्हिएन्नात १९०८ साली नऊ वर्षांचा एक मुलगा पोलिओने गेला. कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी त्याच्या मज्जारज्जूचा अर्क दोन माकडांना टोचला आणि माकडांनाही तोच आजार झाला. सशांना, उंदरांना मात्र काहीच झालं नाही. पोलिओ हा विषाणूचा आजार आहे हे त्यातून कळलं. पण उंदीर का वाचला, हे कळायला पुढे ऐंशी वर्षं लागली.

ती ऐंशी वर्षं माकडांच्या जिवावर निघाली. १९३९ साली विषाणूचा एक वाण उंदरात रुजवता आला, पण तो अपवाद. बाकी सगळ्याला माकडंच लागत, आणि ती बहुतेक आपली. पन्नासच्या दशकात उत्तर भारतात पकडलेली ऱ्हीसस माकडं वर्षाला लाखाहून अधिक संख्येने परदेशी जात होती. लशीचा विषाणू त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवायचा आणि तयार लस निर्धोक आहे ना, हे त्यांच्याच मज्जारज्जूत टोचून पाहायचं. १९७८ साली भारताने ही निर्यात बंद केली. लशीच्या इतिहासात साल्क आणि सेबिन यांची नावं आदराने घेतली जातात, ती घ्यायलाच हवीत. पण या मुक्या जिवांचं ऋणही मोठं आहे आणि त्याचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी होतो.

उत्तराचा पहिला धागा १९५९च्या सुमारास जॉन हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. माणसाच्या आणि माकडाच्या पेशींना पोलिओचा विषाणू घट्ट चिकटायचा, इतर प्राण्यांच्या पेशींवरून तो नुसताच निसटून जायचा. मग त्यांनी विषाणूचं कवच उतरवलं आणि आतला आरएनए तेवढा त्या न चिकटणाऱ्या पेशींत घातला. पेशींनी मुकाट्याने नवे विषाणू तयार केले! ते बाहेर पडले आणि शेजारच्या पेशीबाहेरच अडले. म्हणजे पेशीच्या आत सगळी सोय होती, दार तेवढं नव्हतं. इतका साधा आणि इतका नेमका प्रयोग विषाणूशास्त्रात क्वचितच झाला असेल.

ते दार हातात आलं १९८९ साली. कॅथी मेंडेलसोन, एकार्ड विमर आणि व्हिन्सेंट राकानिएलो यांनी माणसाचा डीएनए उंदराच्या पेशींत घालून त्यातून नेमकं जनुक हुडकून काढलं. त्यापासून बनणारं प्रथिन आज सीडी१५५ म्हणून ओळखलं जातं. पुढच्याच वर्षी हे जनुक जन्मतःच अंगात असलेले उंदीर तयार झाले. त्यांना विषाणू टोचला, आणि त्यांचे पाय लुळे पडले. एका मानवी प्रथिनाने १९०८च्या प्रश्नाचं उत्तर दिलं. १९९९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या तिसऱ्या प्रकाराविरुद्ध तोंडावाटे द्यायच्या लशीची चाचणी माकडांऐवजी या उंदरांवर करायला मान्यता दिली.

तरी दार म्हणजे सर्वस्व नव्हे. सीडी१५५ शरीरात इतरही अनेक ठिकाणी असतं, तिथे विषाणू वाढत नाही. कारण तिथल्या पेशी इंटरफेरॉन हे दुसरं प्रथिन वेळेवर सोडतात आणि विषाणूला दाबून टाकतात. उंदरांमध्ये ही इंटरफेरॉनची यंत्रणाच बंद केली, तेव्हा एरवी सुरक्षित राहणाऱ्या अवयवांतही विषाणू माजला. लागण झालेल्या शंभर मुलांत एकालाही पक्षाघात होत नाही, यामागे शरीराच्या अशाच पहारेकऱ्यांचा वाटा आहे. पण एकदा का विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत पोचला आणि त्या मेल्या, की त्या परत येत नाहीत.

हे दार काढून टाकता येत नाही. सीडी१५५ विषाणूसाठी बनलेलं नाही. पेशींना एकमेकींशी जोडणं, रोगप्रतिकारक पेशींना खूण देणं ही त्याची रोजची कामं आहेत. म्हणून विषाणूला अडवायचं ते आधीच, आतड्यात. तोंडावाटे दिलेले दोन थेंब तेच करतात. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्याला सापडला, पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातून विषाणू अजून हटलेला नाही, आणि आज जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या चेतापेशींवर ते दार आहेच. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर पल्स पोलिओच्या रविवारी त्याला कडेवर घ्या, बूथवर न्या, आणि करंगळीच्या नखावर शाईची खूण घेऊनच परत या.