देवगिरीचा दुर्ग

जेथें जाणें कठीण तें स्थळ, हाच ‘दुर्ग’ ह्या शब्दाचा अर्थ होय. हा अर्थ ज्यास सर्वस्वीं शोभतो असा देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला, आपल्या पुसेगांवाच्या पश्चिमेस, मराठवाड्यांतच आहे.

दुर्ग कसा बांधावा हें त्या त्या देशाची भूमीच शिकविते. रशियांतील मैदानांत डोंगर नाहींत, पण अरण्यें विपुल. म्हणून तेथील लोक नदीकांठीं मातीचे बांध घालून त्यांवर ओंडक्यांचे तट उभारीत. मॉस्कोच्या दुर्गासही दगडी तट १३६७ सालीं मिळाला. आपल्याकडे मात्र काळा पाषाण पायांखालींच होता.

यादव राजा पांचवा भिल्लम यानें इ. स. ११८७ च्या सुमारास देवगिरीस राजधानी वसविली; पुढील राजवटींनीं तेथील बांधकामांत भर घातली. हा डोंगर भोंवतालच्या सपाटीपासून सुमारें ६०० फूट उंच आहे. त्याचा खालचा भाग तासून भिंतीसारखा उभा केला असून पायथ्याशीं खडकांतच खंदक खोदला आहे. वेशी समोरासमोर न ठेवितां वळणावर ठेविल्या, म्हणजे हत्तीस दूरवरून धांवत येऊन दारावर धडक देतां येऊं नये. खंदकापलीकडे ‘अंधेरी’ नांवाचा काळोखा, वांकडातिकडा भुयारी मार्ग लागतो. त्याच्या वरच्या तोंडावर विस्तव पेटवून तो धुरानें भरून टाकण्याची सोय होती.

असा हा दुर्ग पडला कसा? १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात् चालून आला, तेव्हां यादवांचें मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होतें. राजा रामदेव किल्ल्यांत शिरला. परंतु घाईनें वर नेलेलीं पोतीं धान्याचीं नसून मिठाचीं निघालीं, असें इतिहासकार फरिश्ता सांगतो. राजास तह करावा लागला. पुढें १६३३ सालीं मोगल सेनापति महाबतखानानें वेढा घातला. बाहेरचे तट सुरुंगांनीं उडाले, तरी वरचा बालेकिल्ला उभाच होता. अखेर अन्न संपलें, आणि मलिक अंबराचा पुत्र फत्तेखान यानें किल्ला स्वाधीन केला.

तट शत्रूस अडवितो, भुकेस नव्हे. भुकेस अडविण्यास भरलेलें कोठार लागतें, आणि तें वेळीं उघडून पाहणारा दक्ष मनुष्यही लागतो. विद्येचेंही तसेंच आहे. पोत्यांची रास पाहून संतोष मानूं नये. आंत धान्य आहे कीं मीठ, हें संकट येण्यापूर्वींच पाहून ठेवावें.