बाईंचे तीन सेकंद

चौथीचा वर्ग. टेबलावर थंडगार पाण्याने भरलेला स्टीलचा पेला आहे आणि त्याला बाहेरून थेंब सुटलेत. "हे पाणी कुठून आलं रे?" बाई विचारतात. वर्ग पुढे काय शिकणार, याचा बराचसा निकाल यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत लागतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो.

मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक. विज्ञानाच्या तासांच्या 300हून अधिक टेपा त्यांनी तपासल्या आणि 1974 साली निष्कर्ष छापले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात! तेवढ्यात मूल बोललं नाही, की प्रश्न पुन्हा विचारला जातो, नाहीतर दुसऱ्याला उभं केलं जातं. उत्तर आलंच, तर सेकंदभराच्या आत शिक्षक पुन्हा बोलू लागतात.

एका सेकंदात पाठ केलेलं उत्तर येतं. पेल्याचं कोडं तेवढ्यात सुटायचं नाही. पेला गळका नाही, हे मुलाला आधी मनाशी ताडून बघावं लागतं. मग कुठेतरी भाताच्या पातेल्यावरचं झाकण आठवतं, त्याच्या आतून जमलेले थेंब आठवतात. हवेत न दिसणारं पाणी असेल का, अशी शंका येते. आणि हे सगळं शब्दांत मांडायचं, तेही चाळीस पोरांसमोर.

रो यांनी शिक्षकांकडून तीन ते पाच सेकंद थांबण्याचा सराव करून घेतला.  उत्तरं लांबली. गप्प बसणं कमी झालं. मुलं आपणहून बोलू लागली, तर्क लढवू लागली, म्हणण्याला पुरावा देऊ लागली, स्वतःच प्रश्न विचारू लागली. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. बाईंच्या चेहऱ्याचा अंदाज घेत, शेवटी आवाज चढवून "हवेतलं पाणी...?" असं विचारल्यासारखं उत्तर देणं कमी झालं. मुलं ठामपणे सांगू लागली, "हवेतलं पाणी."

टेपांमध्ये एक बोचरी गोष्टही होती. वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना जवळजवळ दोन सेकंद मिळत, मागे पडलेल्यांना एकसुद्धा पुरा नाही. ज्याला वेळ जास्त हवा, त्यालाच तो कमी! यात दुष्टावा असेल असं मला वाटत नाही. अडलेल्या मुलाची सगळ्यांदेखत शोभा होऊ नये, म्हणूनही शिक्षक चटकन पुढे जात असतील. पण शिक्षक थांबू लागले तशी हीच मुलं बोलती झाली आणि काही मुलांबद्दलच्या शिक्षकांच्या अपेक्षाच बदलल्या.

पोर्शन डोक्यावर असताना, मागे चुळबुळ चालू असताना तीन सेकंद गप्प राहणं सोपं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाई नुसत्या उभ्या आहेत. मला तर त्यांच्या कामातला हा सगळ्यात कसबी भाग वाटतो.

तुमच्या उत्तरासाठी असे थांबलेले कुणी बाई किंवा सर तुम्हाला आठवत असतील, तर त्यांना फोन करा आणि हे नेमकं सांगा. ही गोष्ट त्यांना सहसा कुणी सांगत नाही.