खिंडीतली धाप आणि पितळेचा जेट

लडाखमध्ये खारदुंग ला खिंडीत, 5,300 मीटरच्या वर, कार्ब्युरेटरवाली बाइक धापा टाकू लागते आणि काळा धूर सोडते. हवेची घनता तिथे समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त. पेट्रोल मात्र त्या प्रमाणात घटत नाही. मिश्रण 'रिच' होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त.

इलाज असतो पितळेच्या जेटमध्ये. करंगळीच्या नखाएवढा तुकडा, मधोमध पेट्रोल जाण्यासाठी जेमतेम मिलिमीटरभर छिद्र. उंचीवर लहान नंबरचा मेन जेट लावतात. पण त्याचा खरा अंमल थ्रॉटल पाऊण उघडल्यावर. आयडलिंग पायलट जेट सांभाळतो, मधला टप्पा नीडल, म्हणजे सुई. खडकाळ चढावर आपण बहुतेक वेळ या मधल्या टप्प्यातच असतो. म्हणून माझ्या मते आधी नीडलची क्लिप एक खाच वर घ्यावी. सुई खाली उतरते, पेट्रोल कमी होतं.

मग स्पार्क प्लग काढून पाहा. काजळी असेल तर अजून रिच, पांढराफटक तर 'लीन' म्हणजे पेट्रोल कमी, फिकट तपकिरी म्हणजे जमलं.

जेट तारेने टोचू नका, छिद्र मोठं होतं. आणि खाली उतरलात की मूळ सेटिंग आठवणीने परत करा. उंचीवरचं सेटिंग खाली लीन पडतं, आणि लीन मिश्रणावर पळवलेल्या इंजिनाचा पिस्टन वितळू शकतो.