तेल, मेण आणि अक्रोडाचा दस्ता

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास माझ्या भाचीनं एक जुनी एअर रायफल विकत घेतली. जर्मन बनावटीची, दहा मीटरच्या नेमबाजीची, अक्रोडाच्या दस्त्याची. निम्मे पैसे तिचे, निम्मे माझ्या पेन्शनमधले. हल्ली स्पर्धेतल्या बहुतेक रायफलींचे दस्ते ॲल्युमिनियमचे असतात. आमच्या ऐपतीत लाकूडच बसत होतं. कोल्हापूरला हा खेळ परका नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य. त्यामुळे घरात रायफल आली म्हणून शेजाऱ्यांच्या भुवया उंचावल्या नाहीत. ०.१७७ इंचापर्यंतच्या व्यासाची आणि २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीची हवेची बंदूक बाळगायला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही, हेही त्यांना माहीत होतं.

मला मात्र ती रायफल मळकट वाटली. दस्ता काळवंडलेला, गालाखालचा भाग हाताळून गुळगुळीत झालेला, एका कडेला दोन चेपे. ‘पॉलिश करून घेऊ,’ ही सूचना माझी. भाची जरा घुटमळली, पण मामाचे पैसे आहेत म्हटल्यावर गप्प बसली. लोखंडी भाग काढून दस्ता फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका कारागिराकडे दिला. आठ दिवसांनी तो नव्या कपाटाच्या दारासारखा चकचकीत होऊन आला. त्या माणसाचं काही चुकलं नाही. मी सांगितलं तेच त्यानं केलं.

एप्रिल-मे बरे गेले. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि छर्रे डावीकडे सरकू लागले. तिनं नेमपट्टी फिरवून घेतली. आर्द्रात ते आणखी सरकले आणि पसरलेही. पंचगंगा पात्राबाहेर आली त्याच आठवड्यात तिची निवड चाचणी होती. ती निवडली गेली नाही. घरी येऊन तिनं रायफल पेटीत ठेवली आणि चहा मागितला. मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

माझं आयुष्य मोडी कागद वाचण्यात आणि शिकवण्यात गेलं. बंदुकीचा आणि माझा संबंध कागदावरचा. पण अडलेल्या शब्दापाशी बसून राहण्याची सवय आहे, तीच या कामी आली.

पहिली गोष्ट समजली ती लाकडाबद्दल. झाड कापलं, वाळलं, त्याला शंभर वर्षं झाली, तरी लाकूड हवेतलं पाणी घेत आणि सोडत राहतं. पाणी घेतलं की ते फुगतं, तेही सगळीकडे सारखं नाही. धाग्याच्या लांबीत जवळजवळ नाहीच, आडवं मात्र चांगलंच. पावसाळ्यात न लागणारं दार आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आणि पाणी सगळ्यात भराभर शिरतं ते धाग्याच्या कापलेल्या टोकातून. बंदुकीच्या दस्त्यात असं उघडं टोक असतं खांद्याला टेकणाऱ्या पट्टीखाली, आणि नळी-यंत्र बसवायला कोरलेल्या खाचेत. आमच्या पॉलिशवाल्यानं बाहेरून सहा हात मारले होते. आत, जिथे कुणी बघत नाही तिथे, लाकूड कोरडंठाक होतं. एका बाजूनं बंद आणि दुसऱ्या बाजूनं उघडं असलेलं लाकूड दोन्ही बाजूंनी उघड्या लाकडापेक्षाही वाईट वागतं, ते पिळतं.

याचा नेमाशी संबंध काय, असा प्रश्न मलाही पडला होता. दोन्ही नेमपट्ट्या तर लोखंडावर असतात. पण दस्ता फुगला की स्क्रूचा ताण बदलतो, यंत्र जसं बसलं होतं तसं बसत नाही, आणि लाकूड नळीला एका अंगानं टेकू लागलं की हाताच्या दाबाबरोबर नळीवरचा रेटाही कमीजास्त होतो. दहा मीटरच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचं प्रत्येक कडं अडीच मिलिमीटरवर. मी हिशेब करून पाहिला: दोन नेमपट्ट्यांत पाऊण मीटर अंतर धरलं, तर एक कडं चुकायला नेमरेषा एका टोकाला पोस्टकार्डाच्या जाडीइतकी हललेलीही पुरते. त्यात घासकागदानं गालाखालचा भाग किंचित खाली गेला होता, म्हणजे डोळ्याची जागा बदलली होती. आणि पकडीवरचं जाळीदार खोदकाम बुजून गेलं होतं, त्यामुळे घामेजलेला हात चकचकीत वार्निशवरून घसरत होता. ज्याला मी मळ म्हटलं, त्यातला बराचसा भाग म्हणजे आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं जिरवलेलं तेल होतं.

याच दिवसांत एका व्याख्यानासाठी रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र पुन्हा काढलं. अमात्यांची बावडा जहागीर म्हणजे आजचा गगनबावडा. शहराच्या कित्येक पटींनी पाऊस पडणारा मुलूख. गडांच्या प्रकरणात पंत सांगतात की पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावं, तोफांचे काने मेणानं भरावेत, वर आच्छादन घालावं. दारूसुद्धा आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावं आणि पुन्हा मोहर करून ठेवावी. ही वाक्यं मी कैक वर्षं शिकवली. ‘प्रशासनाची बारकाई’ असं फळ्यावर लिहून पुढे गेलो. तोफ आणि दरवाजा एकाच दमात का आले, हे मात्र त्या आठवड्यात कळलं. एक लोखंड किंवा पितळ, दुसरं लाकूड; पण दोघांचा शत्रू एक, आणि तो जूनमध्ये येतो. काना म्हणजे तोफेला बत्ती देण्याचं भोक. पाणी आत शिरण्याची नेमकी वाट पंतांनी आधी बुजवली. मी दस्त्याचं तोंड रंगवलं आणि काने उघडे ठेवले.

तेलाबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण इथे सगळेच चुकतात. स्वयंपाकघरातलं प्रत्येक तेल लाकडाला चालत नाही. काही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात, त्यांची साय धरते. काही जन्मभर ओलीच राहतात. हे मोजायचं एक माप म्हणजे आयोडीन मूल्य. जवसाच्या तेलाचं ते साधारण १७० ते २००, करडईचं १४० च्या आसपास, शेंगदाण्याचं ९० च्या आसपास आणि खोबरेलाचं १० च्या जवळपास. म्हणून शेंगतेल चोळलेला दस्ता चिकट होतो, धूळ धरतो आणि दिवाळीपर्यंत खवट वास मारतो. जवस सुकतं. पण घाण्याचं कच्चं जवसतेल सुकायला आठवडे घेतं. दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं त्यात सुकवणारी द्रव्यं घातलेली असतात, ते दिवसा-दोन दिवसांत धरतं. हात अगदी पातळ द्यायचा, तळव्यानं गरम होईस्तोवर चोळायचा, उरलेलं पुसून काढायचं आणि दुसऱ्या हाताआधी वाट पाहायची. ज्या फडक्यानं पुसलं ते बोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नये. जवसतेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडून फडकं आपोआप पेटतं. ते पाण्यात बुडवावं किंवा उघड्यावर पसरून वाळवावं.

आणि तरीही जवसतेल पाणी अडवत नाही. दिसायला सुंदर, पण दमट हवेची वाफ त्यातून बिनदिक्कत जाते. अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीनं लाकडावरच्या लेपांची तुलना केली, त्यात जवसतेल तळाशी आणि मेणाचा जाड थर वरच्या पंक्तीत होता. ‘तेल-मेण’ हा जोडशब्द पंतांनी उगाच वापरलेला नाही.

दुरुस्ती आम्ही दोघांनी मिळून नवरात्राच्या आधी केली. नळी रिकामी आहे ना, हे आधी दोनदा पाहिलं. हवेची बंदूक म्हणून यात सूट नाही. वार्निश काचेच्या तुकड्यानं खरवडून काढलं. लोखंडी किसानं घासणार होतो, तेवढ्यात थांबलो: अक्रोडात टॅनिन असतं, किसाचा कण धाग्यात अडकला तर दमट हवेत त्याभोवती काळा डाग धरतो. चेप्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. दबलेले धागे वाफ पिऊन वर आले; दोन्ही चेपे जवळजवळ नाहीसे झाले, तेही कणभर लाकूड न घासता. मार्चमध्ये हे ठाऊक असतं तर!

लाकूड नळीला कुठे टेकतंय ते शोधायला काजळ वापरलं. लोखंडाला पातळ काजळ लावायचं, दस्त्यात बसवायचं, काढायचं. जिथे काळं उमटलं तेवढंच खरवडायचं. सात वेळा केलं. शेवटी नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी टोकापासून बुडापर्यंत सरकली. मग आतली खाच आणि पट्टीखालचं उघडं टोक पातळ केलेल्या वार्निशनं बंद केलं, बाहेर जवसतेल, त्यावर मधमाशांचं मेण. गेलेलं लाकूड परत आलं नाही. गालाखाली चामड्याची एक पट्टी चिकटवून तिनं उंची साधली.

लोखंडाचं काम त्या मानानं थोडं. हवेच्या रायफलीत दारू जळत नाही, शिशाची पुटं तेवढी साठतात; ती नमद्याच्या छोट्या गोळ्यांनी निघतात. तिच्या नळीत तेल ओतणं हा मोठा गाढवपणा, कारण दाबल्या गेलेल्या हवेत तेलाची वाफ डिझेल इंजिनासारखी पेटते. दारूच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. काळ्या दारूची राख पाणी ओढते, आणि जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार तेलात विरघळतच नाही. तिथे आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. गज शक्यतो मागच्या बाजूनं घालावा, पुढून घालून नळीचं तोंड झिजवू नये. अशा परवान्याच्या बंदुकीची साफसफाई मालकानं करावी, दुरुस्ती मात्र परवानाधारक कारागिराकडूनच. कायदाही तेच सांगतो. बाकी दोन्हींना सारखं: हाताळून झाल्यावर घामाची बोटं पुसायची, तेलाचा पुसट हात द्यायचा, आणि स्पंजाच्या बंद पेटीत पावसाळाभर ठेवायचं नाही. स्पंज पाणी धरून बसतो. आमची रायफल आता कपाटात उभी असते, शेजारी सिलिका जेलची डबी; तिचे दाणे रंग बदलले की तव्यावर परतायचे.

शिकलगार हे आडनाव आपल्या भागात अजून आहे. शस्त्रांना शिकल करणं, म्हणजे घासून उजळवणं, हा त्यांचा पिढीजात धंदा. खंडेनवमीला शस्त्रं बाहेर निघतात, त्यांना पुसून-उजळून पूजेला मांडतात, ती वेळही पाऊस सरल्यावरचीच. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात काचेमागच्या बंदुका मी पूर्वी नक्षीसाठी बघत असे. आता दस्त्याच्या टोकाशी वाकून बघतो. रखवालदाराला ते चमत्कारिक वाटतं.

यंदाचा पावसाळा त्या दस्त्यानं काढला. भाचीनं दर रविवारी कागदाची पट्टी फिरवून पाहिली. श्रावणात एकदा मधेच अडली, स्क्रू तपासून घेतले, पुन्हा सरकली. खंडेनवमीला मी रायफल पाटावर ठेवली आणि हळदीकुंकवाची ओली बोटं पुढे केली, तर तिनं माझं मनगटच धरलं.

‘मामा, दस्त्याला नको. हळदीचा डाग बसतो. पेटीला लावा की.’

मी पेटीला लावलं.